जळालेले वाइंडिंग : परभणी जिल्ह्याच्या कृषिविद्युतीकरणाचे एक उपेक्षित साधन

प्रस्तावना :
परभणी जिल्ह्याच्या सिंचनाचा इतिहास लिहिताना धरणे, कालवे व वीजजोडण्या यांच्या आकडेवारीचा आधार घेतला जातो. विहिरीवर पोहोचलेली वीज कोणत्या प्रतीची होती, हे मात्र त्या आकडेवारीवरून कळत नाही. त्याची साक्ष मोटारीच्या जळालेल्या वाइंडिंगमध्ये सापडते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य व राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी धरण व जलविद्युत केंद्र उभे राहिले. कालांतराने मोटेची जागा तीन फेजच्या मोटारीने घेतली आणि मोट शिवणाऱ्याच्या जागी मोटार भरणारा कारागीर आला.

वाइंडिंगची चाचणी :
नवी तार भरल्यावर तीन गुंडाळ्यांची सहा टोके बाहेर येतात. ज्या दोन टोकांवर टेस्ट लॅम्प पेटतो, ती एकाच गुंडाळीची होत. नंतर दोन गुंडाळ्या दिव्यासह एकसरीत जोडून तिसरीस कमी दाबाचा प्रत्यावर्ती विद्युतपुरवठा देतात. एकीचा शेवट दुसरीच्या आरंभास जोडला असल्यास दिवा पेटतो. शेवटास शेवट जोडला असल्यास पेटत नाही. अखेरीस तार व मोटारीचा लोखंडी सांगाडा यांच्यातील विद्युतरोध मेगरने तपासतात.

जळण्याची साक्ष :
एक फेज तुटूनही मोटार चालू राहिली, तर स्टार जोडणीत दोन फेजच्या गुंडाळ्या काळ्या पडतात व तिसरी शाबूत राहते. डेल्टा जोडणीत बहुधा एकच जळते. तिन्ही सारख्याच करपल्या असल्यास कमी दाब, जादा भार किंवा अडकलेला पंप यांचा संशय घ्यावा लागतो. एका मोटारीवरून निष्कर्ष काढता येत नाही. परंतु एकाच रोहित्रावरील अनेक मोटारी एकाच सुमारास एकाच रीतीने जळाल्यास दोष शेतकऱ्याच्या हाताळणीत होता की पुरवठ्यात, हे ठरविता येते.

निष्कर्ष :
ऐन रब्बीत मोटार जळाली की पिकाचे पाणी चुकते, भरणावळही शेतकऱ्यालाच द्यावी लागते आणि पुरावा असलेली तार तांब्याच्या मोडीत जाते. वेढ्यांची संख्या व तारेचा गेज ज्या वहीत उतरवला जातो, तेथेच गाव, तारीख व जळालेली गुंडाळी यांची एक ओळ लिहिली गेल्यास ग्रामीण विद्युतीकरणाच्या अभ्यासकास अस्सल साधन मिळेल आणि शेतकऱ्याचे म्हणणेही नोंदले जाईल.