कलाश खोऱ्यांतील वसंतोत्सव आणि त्याचे प्रवासी

चित्राल शहराच्या नैर्ऋत्येस, हिंदुकुश पर्वताच्या उतारावर, बुंबुरेत, रुंबूर आणि बिरीर अशी तीन अरुंद खोरी आहेत. पाकिस्तानच्या वायव्य सीमेवरील या खोऱ्यांत कलाश लोकांची वस्ती आहे. आपला परंपरागत धर्म पाळणाऱ्या कलाशांची संख्या सुमारे तीन ते चार हजार भरते. मे महिन्याच्या मध्यास येथे ‘जोशी’ अथवा ‘चिलम जोशी’ या नावाचा वसंतोत्सव होतो आणि तो पाहण्यासाठी देशोदेशींचे प्रवासी येतात. या उत्सवाविषयी लिहिताना ‘दुर्गम’, ‘प्राचीन’ आणि ‘अपरिवर्तित’ ही तीन विशेषणे बहुधा एकत्र योजली जातात. त्यांपैकी कोणते विशेषण इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

कलाश धर्म टिकला तो खोऱ्यांच्या दुर्गमतेमुळे, अशी सामान्य समजूत आहे. ती अपुरी आहे. डोंगररांगेच्या पलीकडची बश्गल व इतर खोरी याहून सुगम नव्हती. किंबहुना बाहेरच्या माणसास तेथे शिरकाव अधिकच कठीण होता. त्या प्रदेशास त्या काळी काफिरिस्तान म्हणत. इ. स. १८९३ च्या ड्युरांड करारान्वये तो प्रदेश अफगाणिस्तानच्या बाजूस गेला. १८९५-९६ च्या हिवाळ्यात अमीर अब्दुर रहमान याच्या सैन्याने तो जिंकला, तेथील लोकांचे धर्मांतर घडले आणि प्रदेशाचे नाव नूरिस्तान असे पडले. कलाशांची तीन खोरी मात्र चित्राल संस्थानात, म्हणजे ब्रिटिश वर्चस्वाच्या कक्षेत राहिली. चित्रालचा राजा ‘मेहतर’ ही पदवी धारण करी. मराठीत या शब्दाला जो अर्थ आला तो येथे अभिप्रेत नाही. मूळ फार्सी अर्थ ‘अधिक थोर’ असा आहे. कलाश हे या मेहतराचे प्रजाजन होते. त्यास कर देत आणि वेठबिगारही करीत. पलीकडच्या स्वतंत्र जमातींचा धर्म त्यांच्या स्वातंत्र्याबरोबर लयास गेला आणि अलीकडच्या परतंत्र कलाशांचा धर्म टिकला, हा येथील इतिहासातील मोठाच विरोधाभास होय. धर्माचे रक्षण पर्वताने केले त्याहून अधिक एका राजकीय सीमारेषेने केले. आणि ती रेषा आखणाऱ्यांच्या मनात कलाशांचा विचार क्वचितच असेल.

या विरोधाभासाची छाया प्रवाशांच्या लेखनावरही पडली आहे. जॉर्ज स्कॉट रॉबर्टसन हा ब्रिटिश अधिकारी १८८९ मध्ये प्रथम काफिरिस्तानात गेला आणि १८९०-९१ मध्ये बश्गल खोऱ्यातील कामदेश येथे दीर्घकाळ राहिला. त्याचा ‘द काफिर्स ऑफ द हिंदुकुश’ हा ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे त्यात वर्णिलेला समाज त्याच सुमारास नष्ट होत होता. रॉबर्टसनला आकर्षण होते ते स्वतंत्र, लढाऊ लोकांचे. मेहतराच्या अंकित असलेल्या कलाशांना तो खरे काफिर मानावयास तयार नव्हता. ज्यांना त्याने गौण लेखले तेच पुढे त्या संपूर्ण धर्मपरंपरेचे एकमेव जिवंत प्रतिनिधी उरले.

अमीराच्या स्वारीनंतर बश्गलहून पळून आलेल्या काही कुटुंबांना रुंबूर व बुंबुरेत खोऱ्यांच्या वरच्या टोकांस आश्रय मिळाला. परंतु काही दशकांतच त्यांनीही इस्लामचा स्वीकार केला. तेव्हापासून अभ्यासकांची दृष्टी कलाशांकडे वळली. नॉर्वेचे भाषाशास्त्रज्ञ गेओर्ग मॉर्गेन्स्टिएर्ने १९२९ मध्ये चित्रालला आले. कलाश भाषेवरील त्यांचा ग्रंथ १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९४८ मध्ये डॅनिश मोहिमेतील हाल्फदान सीगर यांनी रुंबूर खोऱ्यातील बालंगुरू येथे जोशी उत्सव प्रत्यक्ष पाहिला आणि पुढे त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या काळी आयून गावापासून खोऱ्यात पायीच जावे लागे. अशा मार्गाने येणारा मनुष्य सहसा एका दिवसात परतत नसे. त्यामुळे उत्सवाबरोबर उत्सवापूर्वीची तयारीही त्याच्या दृष्टीस पडे.

ही तयारी समजल्याशिवाय जोशीचे मर्म कळत नाही. कलाशांच्या जीवनात शेळ्यांचे स्थान केवळ आर्थिक नाही. त्यांच्या विचारविश्वात ‘ओंजेष्ट’ म्हणजे शुद्ध आणि ‘प्रागत’ म्हणजे अशुद्ध असा मूलभूत भेद आहे. उंच कुरणे, शेळ्या, गोठे आणि देवस्थाने ही शुद्ध पक्षात मोडतात. मृत्यू आणि प्रसूती यांचा संबंध अशुद्धीशी जोडला जातो. ऋतुकाळी व प्रसूतिसमयी स्त्रिया ‘बशाली’ नामक स्वतंत्र घरात राहतात. हिवाळा खाली काढलेले कळप उन्हाळ्यात उंच कुरणांकडे नेण्याचा समय जवळ आला, की त्यापूर्वी जोशी येतो. कळप, पिके आणि मुले यांच्या क्षेमाची प्रार्थना हा त्याचा गाभा आहे.

सणापूर्वी काही दिवस गोठ्यांत दूध साठविले जाते आणि ‘चिरिक पिपी’ या दिवशी त्याचे वाटप होते. रानातील पिवळी फुले आणून घरे व देवालये सजविली जातात. मागील काळात जन्मलेल्या बालकांचा व त्यांच्या मातांचा शुद्धिविधी होतो. शेवटच्या मोठ्या दिवशी नृत्याच्या जागी सर्व गाव जमतो. काळ्या झग्यांवर रंगीत भरतकाम आणि मस्तकी कवड्यांचे शिरोवेष्टन ल्यालेल्या स्त्रिया एकमेकींच्या खांद्यावर व कमरेभोवती हात टाकून रांगा करतात. हिरव्या डहाळ्या हलवीत पुरुष येतात. ढोलाच्या तालावर गीते होतात. बाहेरच्या प्रेक्षकाला उत्सव म्हणून दिसतो तो बहुधा एवढाच शेवटचा भाग. दूध, शुद्धी आणि कुरण यांची पूर्वपीठिका वगळली, म्हणजे विधीचे रूपांतर केवळ देखाव्यात होते.

शिरोवेष्टनावरील कवड्या ‘दुर्गम’ या विशेषणालाही बाध आणतात. कवडी ही समुद्रातील वस्तू. ती हिंदुकुशच्या खोऱ्यात पोचली ती व्यापाराच्या वाटेनेच. ज्या समाजाचा पारंपरिक अलंकार सागरकिनाऱ्यावरून येतो, त्यास जगापासून सर्वस्वी तुटलेला समाज म्हणणे युक्त नव्हे.

राहता राहिले ‘प्राचीन’ हे विशेषण. येथे दोन मोह संभवतात. पहिला मोह कलाशांना अलेक्झांडरच्या सैनिकांचे वंशज ठरविण्याचा. अलेक्झांडर इ. स. पूर्व ३२७-३२६ मध्ये या पर्वतांच्या आसपास वावरला हे खरे. परंतु तेवढ्यावरून वंशसंबंध सिद्ध होत नाही, आणि भाषेचा पुरावा तर त्याच्या विरुद्ध आहे. तथापि आख्यायिकाही इतिहास घडवितात. याच आख्यायिकेच्या आकर्षणातून ग्रीक साहाय्य आले आणि बुंबुरेत येथे ‘कलाशा दूर’ हे संग्रहालय व शाळा असलेले केंद्र उभे राहिले.

दुसरा मोह भारतीय अभ्यासकाला अधिक जवळचा आहे. कलाश भाषा हिंद-आर्य कुलाच्या दार्दिक शाखेत मोडते, म्हणजे मराठीची ती दूरची आप्त होय. तीनला ‘त्रे’ आणि आठला ‘अष्ट’ म्हणताना मराठीने गमावलेली जोडाक्षरे ती अद्याप उच्चारते. तिच्यात सूर्याला ‘सुरी’ म्हणतात. देवांपैकी एकाचे नाव ‘महांदेव’ असे आहे. हे साम्य पाहून कलाश धर्म म्हणजे वेदकाळाचा जसाच्या तसा उरलेला अंश, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु महांदेवाच्या वेदीवर लाकडी अश्वमुखे असतात आणि तेथे बोकडाचा बळी दिला जातो. नाव आप्ताचे असले तरी दैवत स्थानिक आहे. शब्दाची व्युत्पत्ती हा शब्दाचा इतिहास असतो. तो विधीचा इतिहास असेलच असे नाही. उत्सवाच्या ‘जोशी’ या नावाचा मराठी आडनावाशी संबंध जोडणे हे तर अशा तर्काचे टोक ठरेल. ते आडनाव ‘ज्योतिषी’ या शब्दापासून आले आहे.

अपरिवर्तितपणाचा दावा अलीकडील घडामोडींपुढे मुळीच टिकत नाही. १९६९ मध्ये चित्राल संस्थान पाकिस्तानात पूर्णतः विलीन झाले. १९७० नंतरच्या दशकात खोऱ्यांपर्यंत जीपचे रस्ते आले. हिवाळ्यात बर्फाने बंद होणाऱ्या लोवारी खिंडीखालील बोगदा २०१७ मध्ये खुला झाला आणि पेशावरकडून चित्रालला जाणारा मार्ग सुकर झाला. रस्त्याने औषधे आली, शिक्षण आले, रोजगार आला. त्याच रस्त्याने प्रेक्षकांची गर्दी आली, पथिकाश्रमांसाठी जमिनीची मागणी आली आणि परवानगीवाचून स्त्रियांची छायाचित्रे घेणारे पाहुणेही आले.

यातील सूक्ष्म ताण कालगणनेत दिसून येतो. विशिष्ट शिखरांच्या संदर्भात सूर्याच्या उदयास्ताची स्थाने पाहून पेरणीचा व सणांचा काळ ठरविण्याची कलाशांची पद्धत आहे. तिला ‘सुरी जागेक’ म्हणतात. २०१८ मध्ये युनेस्कोने तातडीने संरक्षण हवे असलेल्या अमूर्त वारशाच्या यादीत तिचा समावेश केला. प्रवाशाला दिनदर्शिकेतील तारीख हवी असते आणि तीही महिने आधी. सुरी जागेकला हवा असतो तो शिखराकडे पाहणारा जाणता वृद्ध. पंचांग आकाशात न वाचता छापील कागदावर वाचले जाऊ लागले, की सण राहतो; पण तो ठरविण्याची विद्या जाते.

सारांश, कलाश खोरी दुर्गम होती ती प्रवाशाच्या दृष्टीने. त्यांचा उत्सव प्राचीन आहे, पण गोठलेला नाही. आणि त्याचे टिकणे हे भूगोलाचे दान नसून राजकीय योगायोग व एका लहान समाजाची चिकाटी यांचे फळ आहे. सीमारेषेने दिलेले संरक्षण आता उरलेले नाही. गुराखी, गोठ्यातील दूध आणि कुरणाकडे निघणारा कळप आहे तोवर जोशीला अर्थ आहे. कळप नाहीसे होऊन केवळ नृत्य उरले, तर प्रवासी येत राहतील. परंतु ते ज्यासाठी आले ते त्यांना तेथे सापडणार नाही.