पाटी मराठी, किल्ली रोमन

गेल्या शनिवारी नरडाण्याला गेलो होतो. सुरत-भुसावळ मार्गावरचं स्टेशन, शिंदखेडा तालुका. आमचे आप्पा, म्हणजे माझे चुलते, तिथे राहतात. त्यांच्या जुन्या पीसीवर मीच लिनक्स टाकून दिलंय, मेन्यूसकट सगळं मराठीत. दारातच आप्पा म्हणाले, "अरे, तुझं यंत्र आठ दिवसांपासून मला आत घेत नाही!"

पासवर्ड बरोबर होता. गोची अशी की कीबोर्ड सुरुवातीपासूनच इन्स्क्रिप्टमध्ये होता. आप्पा रोमन अक्षरं दाबत होते, यंत्र देवनागरी घेत होतं, आणि पडद्यावर दोन्हीचे ठिपके सारखेच! चूक अर्थात माझी. मागच्या खेपेला कीबोर्डच्या फाइलीत मराठी पहिलं आणि इंग्रजी दुसरं लिहून आलो होतो.

आता गंमत बघा. लॉगिनचा पडदा दाखवणारा प्रोग्रॅम, म्हणजे डिस्प्ले मॅनेजर, तुम्ही आत यायच्या आधी चालतो. तुम्ही कोण हेच त्याला ठाऊक नसतं, त्यामुळे तुमच्या आवडीनिवडी तो वाचणार कुठून? तो पूर्ण यंत्राची सेटिंग पाळतो.

हा दरवाजा तसा जुना. १९८८ मध्ये एक्स विंडोच्या अकराव्या आवृत्तीच्या तिसऱ्या प्रकाशनाबरोबर एक्सडीएम आला, लेखक कीथ पॅकार्ड. तेव्हा एका मोठ्या यंत्राला अनेक एक्स टर्मिनल जोडलेली असत, आणि त्या प्रत्येकावर लॉगिनची चौकट दाखवायला कोणीतरी हवं होतं. चौकट अगदी रुक्ष: नाव आणि पासवर्ड, बस्स. पुढे केडीईने एक्सडीएमच्याच कोडवरून केडीएम केला, ग्नोमने जीडीएम नव्याने लिहिला. जीडीएमच्या पडद्यावर भाषा निवडायचा मेन्यू आला आणि दरवाज्यावर मराठी पाटी लावता येऊ लागली. २०१० मध्ये रॉबर्ट अँसेल यांचा लाइटडीएम आला. आप्पांकडे तोच आहे.

पाटी बदलली, पण किल्लीचं काय? किल्लीची गोष्ट आणखी जुनी. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये पासवर्ड कूटबद्ध करणारी जी पद्धत आली, ती फक्त पहिले आठ बाइट बघायची, आणि प्रत्येक बाइटचे सातच बिट. इंग्रजीला तेवढं पुरतं. आपल्याकडे १९९१ मध्ये इस्की हे प्रमाण ठरलं, त्यात भारतीय अक्षरं बाइटच्या वरच्या अर्ध्या भागात ठेवली होती. इस्कीतला 'क' म्हणजे १७९. वरचा बिट गळला की उरतात ५१, म्हणजे चक्क '३' हा आकडा! त्या कुलपाला 'क' आणि '३' एकच.

युनिकोडचं तर आणखी भारी. युटीएफ-८ मध्ये आपल्या एका अक्षराला तीन बाइट लागतात. समजा, पासवर्ड ठेवला 'नरडाणा'. आठ बाइटांत 'न' आणि 'र' पूर्ण बसले, 'ड'चे तिनापैकी दोन. आणि ते दोन बाइट क पासून ह पर्यंत सगळ्या व्यंजनांना सारखेच! म्हणजे 'नरडाणा'चं कुलूप 'नरम'ने उघडलं असतं, 'नरसोबा'ने उघडलं असतं आणि 'नरक'नेही. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. अक्षर म्हणजे रोमन अक्षर, एवढंच गृहीत धरलं होतं.

पुढे नव्वदच्या दशकात एमडी५ वर आधारलेली पद्धत आली आणि आठ बाइटांची अट गेली. आज मराठी पासवर्ड नीट चालू शकतो.

असो. दुरुस्ती दहा मिनिटांची. कीबोर्डच्या फाइलीत इंग्रजी पहिलं केलं, मराठी दुसरं. लाइटडीएमच्या पडद्यावर कोपऱ्यात कोणता कीबोर्ड चालू आहे ते दिसेल असं केलं. वापरणाऱ्यांची यादी लपवलेली होती, ती उघड केली. लॉगिनचं नाव रोमनच राहिलं, पण खात्यात 'पूर्ण नाव' असा वेगळा रकाना असतो, तिथे आप्पांचं नाव देवनागरीत लिहिलं.

यंत्र पुन्हा सुरू केलं. पडद्यावर आपलं नाव बघून आप्पा खुश. मग म्हणाले, "मग पासवर्ड पण मराठीच कर ना."

मी नाही म्हटलं. उद्या डिस्प्ले मॅनेजर बिघडला तर उरतो काळा टेक्स्ट कन्सोल. तिथे देवनागरी टाइप करायची सोय नाही, आणि अक्षरं तर धड दिसतही नाहीत. आप्पा घराबाहेरच राहतील, आणि मी पुण्यात.

पटलं त्यांना. पण "अजून?" असं जे ते म्हणाले, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.