पी-२२

पी-२२ : (सु. २०१० – १७ डिसेंबर २०२२). अमेरिकेतील लॉस अँजेलिस शहरातल्या ग्रिफिथ पार्कमध्ये सुमारे दहा वर्षे एकट्याने राहिलेला प्यूमा नर. प्यूमाला कूगर किंवा पहाडी सिंह असेही म्हणतात. राष्ट्रीय उद्यान सेवेने २००२ पासून चालवलेल्या प्यूमांच्या अभ्यासातील क्रमांक हेच त्याचे नाव झाले.

त्याचा जन्म शहराच्या पश्चिमेकडील सँटा मोनिका डोंगरांत झाला. त्या डोंगरांवर हुकूमत गाजवणारा पी-१ हा नर त्याचा बाप, हे जनुकीय तपासणीत ठरले. वयात आलेल्या नराला बापाच्या मुलखात थारा नसतो. नवी जागा शोधताना अनेक तरुण नर वाहनांखाली सापडतात किंवा दुसऱ्या नराकडून मारले जातात. पी-२२ मात्र ४०५ आणि १०१ हे दोन्ही गजबजलेले महामार्ग ओलांडून ग्रिफिथ पार्कात पोहोचला. फेब्रुवारी २०१२ मध्ये जीवशास्त्रज्ञ मिगेल ओर्देन्याना यांच्या स्वयंचलित कॅमेऱ्याने त्याला टिपले; पुढच्याच महिन्यात त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा आला.

प्रौढ नराचा मुलूख साधारण ३९० चौ. किमी. असतो. ग्रिफिथ पार्क जेमतेम १७ चौ. किमी.चे. तरीही हरणे, कोयोटे, रॅकून यांवर त्याचे पोट भरत होते आणि वाटेकरी दुसरा नरही नव्हता. मादी मात्र नव्हती, आणि महामार्गांच्या पलीकडून ती येण्याची शक्यताही फारशी नव्हती. महानगरात मार्जारकुळातील मोठा शिकारी नांदतो म्हणून लॉस अँजेलिसचे नाव मुंबईबरोबर घेतले जाते. पण मुंबईत बोरिवलीच्या जंगलातल्या बिबट्यांची पिढ्यान्‌पिढ्या वीण चालू आहे.

डिसेंबर २०१३ च्या ‘नॅशनल जिऑग्रफिक’मध्ये स्टीव्ह विंटर यांनी घेतलेले, ‘हॉलिवुड’ या भव्य अक्षरांसमोरून चालणाऱ्या पी-२२चे छायाचित्र आले आणि तो जगभर माहीत झाला. २०१४ मध्ये त्याला खरूज झाली. रक्तात उंदीरनाशकाचे अंश सापडले. हे विष उंदरांकडून त्यांना खाणाऱ्या प्राण्यांत आणि तिथून प्यूमात पोहोचते. उपचारांनंतर तो सावरला. एप्रिल २०१५ मध्ये तो लॉस फेलिझ भागातील एका घराच्या जोत्याखाली जाऊन बसला आणि घराभोवती वार्ताहरांची गर्दी लोटली. मार्च २०१६ मध्ये लॉस अँजेलिस प्राणिसंग्रहालयातील एक कोआला मारली गेली, तेव्हा संशय त्याच्यावरच होता.

नोव्हेंबर २०२२ मध्ये हॉलिवुड हिल्समध्ये साखळीने बांधून फिरायला नेलेल्या एका चिवावा कुत्र्याला त्याने मारले. वागण्यातला बदल पाहून १२ डिसेंबरला त्याला पकडण्यात आले. तपासणीत कवटीचे अस्थिभंग, फाटलेले श्वासपटल अशा वाहनाच्या धडकेशी जुळणाऱ्या जखमा आणि मूत्रपिंडाचा विकार आढळल्याने पाच दिवसांनी त्याला दयामरण देण्यात आले. फेब्रुवारी २०२३ मध्ये ग्रीक थिएटरमध्ये झालेल्या स्मरणसभेची सर्व तिकिटे संपली होती. मार्चमध्ये स्थानिक आदिवासी समाजांच्या विधींसह त्याला सँटा मोनिका डोंगरांत पुरण्यात आले.

महामार्गांनी वेढलेल्या सँटा मोनिकातील प्यूमांत जवळच्या नात्यांत प्रजनन होते. त्याची खूण असलेले वाकड्या शेपटीचे प्राणी २०२० मध्ये तिथे आढळले. अशा प्रजननावर उपाय म्हणून लिबर्टी कॅनियन येथे १०१ महामार्गाच्या दहा पदरांवरून वन्यजीवांसाठी पूल उभारण्याची मोहीम त्याआधीच सुरू झाली होती, आणि तिचा चेहरा पी-२२ ठरला. पुलाचे भूमिपूजन त्याच्या हयातीतच, २२ एप्रिल २०२२ रोजी झाले. सँटा मोनिकातील प्यूमांना उत्तरेकडील सिमी टेकड्यांकडे वाट मिळावी, हा पुलाचा हेतू आहे.