कराराची रक्कम आणि खरा खर्च

रुग्णाचे निदान, औषधे, तपासण्या आणि शस्त्रक्रिया यांची माहिती एकत्र राखणारी संगणकीय नोंदप्रणाली विकत घेताना विक्रेत्याची रक्कम आणि खरा खर्च यांत केवढे अंतर पडू शकते, हे अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाच्या व्यवहारातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होत असेल. या विभागाकडे घरचीच प्रणाली होती. 1970च्या दशकाच्या अखेरीस त्यातील काही डॉक्टरांनी व संगणकतज्ज्ञांनी, वरिष्ठांचा विरोध पत्करून, तिचा पाया घातला आणि पुढे ती ‘व्हिस्टा’ या नावाने नावाजली गेली; मात्र निरनिराळ्या केंद्रांनी आपापल्या सोयीने फेरफार केल्यामुळे तिची सुमारे 130 रूपे झाली व तिची देखभाल जड जाऊ लागली.

संरक्षण खात्याने 2015मध्ये सर्नर कंपनीची प्रणाली निवडली होती. सैनिकाची नोंद निवृत्तीनंतरही अखंड राहावी, या कारणास्तव माजी सैनिक विभागानेही 2017मध्ये, खुल्या निविदा न मागवता, तीच स्वीकारण्याचे ठरवले आणि मे 2018मध्ये सुमारे 10 अब्ज डॉलरचा करार झाला. पायाभूत सुविधा व प्रकल्प-व्यवस्थापन धरून हा आकडा 16 अब्जांवर गेला. तोही अपुराच होता. जुन्या रुग्णालयांतील वीजव्यवस्था, केबल, वातानुकूलन यांच्या सुधारणेचा खर्च वेगळ्या लेखाशीर्षाखाली पडत असल्याने संसदेपुढील अंदाजात धरलाच गेला नव्हता, आणि संगणकजाळ्याचे सुमारे अडीच अब्ज डॉलरही त्यातून सुटले होते, असे विभागाच्या महानिरीक्षकांनी 2021मध्ये दाखवून दिले. हिशेबनिसाचे शीर्ष बदलले म्हणून खर्च टळत नाही, हे खरे तर कोणत्याही लहान दवाखान्यालाही ठाऊक असते.

प्रणाली बसवण्यापासून तिच्या दीर्घकालीन देखभालीपर्यंतच्या एकूण खर्चाला जीवनचक्र-खर्च म्हणतात. 2022मध्ये एका स्वतंत्र संस्थेने काढलेला हा अंदाज सुमारे 50 अब्ज डॉलर होता, म्हणजे मूळ कराराच्या जवळजवळ पाचपट. स्पोकेन येथे ऑक्टोबर 2020मध्ये सुरू झालेली अंमलबजावणी पाच केंद्रांपर्यंत पोचून एप्रिल 2023मध्ये थांबवण्यात आली. तोवर उरलेल्या केंद्रांत व्हिस्टा चालूच असल्याने विभागाला दोन्ही प्रणाल्या पोसाव्या लागत होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात, सर्नर विकत घेतलेल्या ओरॅकल कंपनीबरोबर कराराची फेररचना होऊन पाच वर्षांच्या मुदतीऐवजी दरवर्षी नूतनीकरणाची अट आली आणि कामगिरी ढासळल्यास आकारायचा दंड वाढवण्यात आला.