सावत्र कोण?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

आपल्या गोष्टींमध्ये 'सावत्र' हा शब्द आला की पुढे काय होणार, हे लहान मुलालाही कळते. ध्रुवबाळाला वडिलांच्या मांडीवर बसू न देणारी सुरुची ही सावत्र आई. रामाला वनवासाला धाडणारी कैकेयीही सावत्र आई. सरकारने एखाद्या भागाकडे दुर्लक्ष केले, तरी आपण म्हणतो, 'आम्हाला सावत्रपणाची वागणूक मिळाली.' नाते सांगणाऱ्या एका साध्या शब्दाचा आपण दोष सांगणारा शब्द करून टाकला आहे.

हे फक्त आपल्याकडे झाले असे नाही. जर्मनीत ग्रिम बंधूंनी १८१२ साली लोककथांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई होती. १८१९ साली दुसरी आवृत्ती निघाली आणि त्या राणीची सावत्र आई झाली. गोष्ट तीच, विषारी सफरचंदही तेच, फक्त नाते बदलले. सख्ख्या आईचा दुष्टपणा वाचणाऱ्याला सोसवत नाही, सावत्र आईचा सहज सोसवतो.

आज मी ज्या गोष्टीविषयी बोलणार आहे, तिच्यातही नाते असेच बदलले गेले. मात्र ती परीकथा नाही. ती घडली अमेरिकेत, विसाव्या शतकात, आणि तिची नोंद न्यायालयाच्या कागदपत्रांत आहे.

सुरुवात सिनेमापासून करू. अमेरिकेत १९७८ साली 'हॅलोवीन' आणि १९८० साली 'फ्रायडे द थर्टीन्थ' हे चित्रपट चालले आणि रक्तपटांची एक लाटच आली. या प्रकाराला तिकडे 'स्लॅशर' म्हणतात. एक मारेकरी, त्याच्या हातात सुरा, आणि एकामागून एक बळी, असा हा ठरलेला साचा. 'हॅलोवीन'मधला मारेकरी तोंडावर मुखवटा चढवून येतो. १९८७ साली 'द स्टेपफादर' हा चित्रपट आला, त्यातल्या मारेकऱ्याला मुखवटा नव्हता. टाय लावणारा, घरी आल्यावर बायकोला हसून हाक मारणारा, सुतारकामाची आवड असणारा असा हा गृहस्थ. टेरी ओ'क्विन या नटाने ती भूमिका केली होती. सुरुवातीलाच तो आरशासमोर दाढी उतरवतो, चष्मा काढून ठेवतो, कपडे बदलतो आणि जिना उतरून बाहेर पडतो. खाली त्याच्याच घरच्यांची प्रेते पडलेली असतात. पुढे तो दुसऱ्या गावी, दुसऱ्या नावाने, एका विधवेशी लग्न करतो. तिची मुलगी त्याला ओळखते, पण मोठी माणसे काही तिचे ऐकत नाहीत.

चित्रपट चालला की त्याचा दुसरा भाग येतोच. 'स्टेपफादर टू' ३ नोव्हेंबर १९८९ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक जेफ बर. मी तो पुढे व्हिडिओ कॅसेटवर पाहिला. पहिल्या भागात मेला असे वाटलेला हा माणूस इथे मनोरुग्णालयात असतो. तिथून खून करूनच तो निसटतो आणि वर्तमानपत्रातल्या मृत्यूच्या बातमीतून एका मेलेल्या माणसाचे नाव उचलतो. मग लॉस एंजेलिसजवळच्या एका टुमदार वसाहतीत तो चक्क कौटुंबिक समुपदेशक होऊन राहतो! घटस्फोटित बायका त्याच्याकडे आपली दुःखे घेऊन येतात आणि हा त्यांना सुखी संसाराचे धडे देतो. समोर राहणारी एक बाई आणि तिचा मुलगा त्याच्या मनात भरतात. टपाल वाटणाऱ्या तिच्या मैत्रिणीला मात्र संशय येतो. शेवट लग्नाच्या दिवशी होतो, आणि तो कसा होतो हे सांगायला नको.

चित्रपट म्हणून दुसरा भाग पहिल्याइतका चांगला नाही. पण त्यातली एक कल्पना माझ्या मनात राहिली. ज्याच्यापासून घर वाचवायचे, तोच घरे सावरण्याचा सल्ला देत बसला आहे. लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात, कारण तो बोलतो नीट, राहतो नीट.

आता खऱ्या घटनेकडे वळू. पहिल्या चित्रपटाच्या कथेमागे जॉन लिस्ट या माणसाचे प्रकरण होते. लिस्ट १९२५ साली मिशिगन राज्यात जन्मला. लष्करात नोकरी केली, हिशेबशास्त्र शिकला, लुथरन चर्चमध्ये मुलांना रविवारी धर्मशिक्षण देऊ लागला. १९७१ साली तो न्यू जर्सीतल्या वेस्टफील्ड या सुखवस्तू गावी एकोणीस खोल्यांच्या घरात राहत होता. घरी पत्नी, म्हातारी आई आणि तीन मुले. जर्सी सिटीतल्या बँकेतली त्याची मोठ्या हुद्द्याची नोकरी गेलेली होती. हे त्याने घरी सांगितलेच नाही. रोज सकाळी ठरल्या वेळी तो कपडे करून बाहेर पडे आणि रेल्वे स्टेशनवर वर्तमानपत्रे वाचत बसे. संध्याकाळी कामावरून आल्यासारखा घरी येई. खर्च भागवायला आईच्या खात्यातले पैसे काढी.

९ नोव्हेंबर १९७१ या दिवशी त्याने पत्नीला, मग ८४ वर्षांच्या आईला, आणि शाळेतून परत आल्यावर १६, १५ आणि १३ वर्षांच्या मुलांना गोळ्या घातल्या. मधल्या वेळात तो जेवला, बँकेत जाऊन आला. आपल्या पाद्रीबुवांना त्याने पाच पानी पत्र लिहून ठेवले. जगात पाप वाढले आहे, घरच्यांची श्रद्धा ढळायच्या आत मी त्यांचे आत्मे वाचवले, असा त्याचा सूर होता. मग त्याने दूध आणि वर्तमानपत्र बंद केले, मुले परगावी जात आहेत अशी शाळेला चिठ्ठी दिली, घरातल्या छायाचित्रांतून स्वतःचा चेहरा कापून काढला, रेडिओ आणि दिवे चालू ठेवले आणि निघून गेला. घरातले दिवे एकेक करून विझू लागले तेव्हा शेजाऱ्यांना शंका आली. जवळजवळ महिन्याने, ७ डिसेंबरला, पोलीस आत शिरले. त्याची मोटार न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर सापडली. तो मात्र सापडला नाही.

लिस्ट गेला होता डेन्व्हरला. तिथे त्याने रॉबर्ट क्लार्क हे नाव घेतले. आणि मग काय केले? पुन्हा हिशेबनीसाची नोकरी धरली. पुन्हा लुथरन चर्चमध्ये जाऊ लागला. तिथल्या आजारी, म्हाताऱ्या माणसांना मोटारीतून ने-आण करू लागला. चर्चमध्येच ओळख झालेल्या एका बाईशी १९८५ साली लग्न केले. म्हणजे बदलले ते फक्त नाव. स्वभाव, धंदा, धर्म, रोजचा क्रम, सगळे तेच. पहिला 'स्टेपफादर' चित्रपटगृहांत लागला, तेव्हा ज्याच्यावरून ती कथा सुचली तो माणूस डेन्व्हरमध्ये संसार करत होता. त्याच सुमारास शेजारणीने एका साप्ताहिकात लिस्टची हकीकत वाचली आणि ती त्याच्या बायकोला नेऊन दाखवली. बायकोला काही ते पटले नाही. कसे पटावे? तिचा नवरा सरळमार्गी माणूस होता. १९८८ साली हे जोडपे व्हर्जिनिया राज्यात राहायला गेले.

फरारी गुन्हेगारांची माहिती देणारा 'अमेरिकाज मोस्ट वॉन्टेड' हा दूरचित्रवाणी कार्यक्रम त्याच वर्षी सुरू झाला होता. त्याचे निवेदक जॉन वॉल्श यांच्या सहा वर्षांच्या मुलाचा १९८१ साली खून झालेला होता. लिस्टचा ताजा फोटो कोणाकडेच नव्हता. तेव्हा फिलाडेल्फियाचे शिल्पकार फ्रँक बेंडर यांनी जुन्या छायाचित्रांवरून त्याचा म्हातारपणीचा अर्धपुतळा घडवला. गाल किती ओघळले असतील, केस किती मागे हटले असतील, याचा त्यांनी अंदाज बांधला. रिचर्ड वॉल्टर या गुन्हेगारी मानसशास्त्रज्ञाची मदत घेतली. असा माणूस स्वतःला बदलणार नाही, प्रतिष्ठित दिसण्यासाठी जाड काड्यांचा चष्मा लावील, असे ठरवून त्यांनी पुतळ्याला तसाच चष्मा चढवला. २१ मे १९८९ रोजी तो पुतळा दूरचित्रवाणीवर दिसला आणि डेन्व्हरच्या शेजाऱ्यांनी चेहरा ओळखला. अकराव्या दिवशी, १ जूनला, रिचमंड शहरात कामाच्या जागी लिस्टला अटक झाली. वय ६३, आणि डोळ्यांवर तसाच चष्मा! बोटांचे ठसे लष्करातल्या नोंदींशी जुळले, तरी कित्येक महिने तो 'मी क्लार्कच' म्हणत राहिला.

अटक जूनमध्ये झाली आणि 'स्टेपफादर टू' त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आला. मेलेल्याचे नाव, नवा धंदा, नवे सोंग अशी पडद्यावरची युक्ती आणि खरी हकीकत त्या वर्षी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. खरी हकीकत किती साधी होती पाहा. लिस्टला अठरा वर्षे लपवले ते त्याच्या साधेपणाने. आणि अखेर पकडून दिले तेही त्यानेच.

आता मूळ मुद्दा. चित्रपटातला मारेकरी सावत्र बाप आहे. लिस्ट मात्र त्या तीन मुलांचा सख्खा बाप होता. इथेच एक गोष्ट सांगायला हवी, जी या चित्रपटांची चर्चा करताना फारशी कोणी काढत नाही. लिस्टने १९५१ साली लग्न केले ते एका विधवेशी. तिचा पहिला नवरा कोरियाच्या युद्धात मारला गेला होता आणि तिला एक मुलगी होती. म्हणजे लिस्ट खरोखर एका मुलीचा सावत्र बापही होता. ती मुलगी खुनांच्या पुष्कळ आधी लग्न होऊन घराबाहेर पडली होती, म्हणून वाचली. त्या दिवशी घरात जी मुले होती, ती त्याच्या रक्ताची होती.

चित्रपटवाल्यांनी हा बदल का केला, याची कारणे अनेक असतील. नवा माणूस घरात आला की प्रेक्षकाला आपोआप भीती वाटते, कथा सोपी होते. दिग्दर्शक कंटाळवाण्या हिशेबनीसावर रक्तपट कसा काढणार? मला त्यांना दोष द्यायचा नाही. पण ग्रिम बंधूंच्या राणीचे जे झाले, तेच इथे झाले, एवढे मात्र खरे. सख्ख्या बापाला नवी ओळख दिली गेली आणि त्या ओळखीचे नाव 'सावत्र'. लिस्टने स्वतःसाठी घेतलेल्या खोट्या नावापेक्षा हे नाव जास्त टिकले. १९९२ साली या मालिकेचा तिसरा भाग आला आणि २००९ साली पहिल्या चित्रपटाची नवी आवृत्ती निघाली. सगळीकडे बाप सावत्रच.

यात तोटा काय? एक तर दुसऱ्याचे मूल आपले मानून वाढवणाऱ्या माणसांवर हा अन्याय आहे. त्यांना दारातच संशयाने पाहिले जाते. दुसरा तोटा मोठा आहे. धोका बाहेरून येतो असे एकदा ठरवले, की आतल्या धोक्याकडे पाहायचे राहून जाते. वेस्टफील्डच्या त्या घरात परका कोणी शिरला नव्हता. तिथे एक कर्ता पुरुष होता, ज्याला 'माझी नोकरी गेली' हे तीन शब्द बायकोला सांगता आले नाहीत. नोकरी गेलेली लाखो माणसे असतात आणि ती कोणाचा जीव घेत नाहीत. तेव्हा ही सबब होऊच शकत नाही, आणि न्यायालयानेही कोणतीच सबब मानली नाही. तरी स्टेशनच्या बाकावर वर्तमानपत्र उघडून बसलेला तो माणूस मला चित्रपटातल्या सुऱ्यापेक्षा जास्त भीतिदायक वाटतो. घरची अब्रू घरच्या माणसांपेक्षा मोठी मानणारी घरे आपल्या ओळखीची नाहीत, असे आपण छातीवर हात ठेवून म्हणू शकू का?

१९९० च्या एप्रिलमध्ये पाचही खुनांबद्दल लिस्ट दोषी ठरला. १ मे रोजी त्याला पाच जन्मठेपा झाल्या, त्याही एकामागून एक भोगायच्या. अठरा वर्षे, पाच महिने आणि बावीस दिवसांनी आता त्या पाच जणांचा आवाज थडग्यातून उठला पाहिजे, अशा आशयाचे उद्गार न्यायाधीशांनी काढले. पुढे २००२ साली दूरचित्रवाणीवरच्या एका मुलाखतीत लिस्टला विचारले गेले, की तू स्वतःचा जीव का घेतला नाहीस? त्याचे म्हणणे असे, की आत्महत्या केली असती तर स्वर्ग मिळाला नसता आणि स्वर्गात घरच्यांची भेट झाली नसती. २१ मार्च २००८ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, तो कैदी म्हणूनच मेला.

त्याचे ते मोठे घर १९७२ च्या ऑगस्टमध्ये जळून गेले. आग कोणीतरी लावली होती. ती कोणी लावली, हे कधी उघड झाले नाही.