डिनो नावाची फाइल, मुस्तफा नावाचा गेम

सुट्टीत मुलाने घरातल्या जुन्या लॅपटॉपवर एम्युलेटर बसवला. एम्युलेटर म्हणजे जुन्या गेम मशीनचे सोंग घेणारे सॉफ्टवेअर. म्हणाला, "अब्बू, तुमचा मुस्तफा लावून देतो." खरेच लागला. पण दुसऱ्या दिवशी मीच उद्योग केला. 'डिनो.झिप' हे नाव मला परके वाटले, म्हणून ते बदलून 'मुस्तफा' करून टाकले. त्यानंतर गेम काही केल्या सुरू होईना.

ज्यांनी नव्वदच्या दशकात रुपया-रुपया जमवून व्हिडिओ गेमच्या दुकानात घालवला, त्यांना मुस्तफा कोण हे सांगायला नको. गेमचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. मार्क शुल्ट्झ या अमेरिकी चित्रकाराच्या 'झेनोझोइक टेल्स' या कॉमिकवरून तो बेतलेला आहे. तिघांना एकदम खेळता येई आणि निवडायला पात्रे चार: जॅक, हॅना, मेस आणि पिवळ्या टोपीचा मुस्तफा कैरो. मुस्तफा सगळ्यांत चपळ. इंग्रजी नाव कोणाच्या जिभेवर बसले नाही, त्यामुळे देशभरातल्या पोरांनी अख्ख्या गेमलाच मुस्तफा म्हणायला सुरुवात केली.

आमच्या हिंगोलीत, तेव्हा ती परभणी जिल्ह्यात होती, पत्र्याच्या एका खोलीत तीन मशीन होत्या. दसऱ्याचे प्रदर्शन भरले की तिथेही एखादी येई. मी आठवी-नववीत असेन. बाबरी पडून दोनेक वर्षे झाली होती. घरात मोठी माणसे काही विषय निघाले की आवाज खाली आणत, अम्मी संध्याकाळी लवकर घरी ये म्हणून बजावत असे. आणि त्या खोलीत भांडण एकाच गोष्टीवरून होई, मुस्तफा कोण घेणार. "तू काल घेतला होतास, आज मुस्तफा मी!" हे ओरडणाऱ्या पोरांमध्ये पाटलांचा होता, मारवाड्यांचा होता, आमच्या मोहल्ल्यातले तर होतेच. माझ्या ओळखीचे नाव भर बाजारात इतक्या हट्टाने मागितले जाताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. दुकानवाले चाचा गल्ल्यावरून नुसते हसत. मुस्तफा या शब्दाचा अर्थच 'निवडलेला'. उर्दूत तो लिहिताना शेवटी ये काढायचा आणि वाचताना आ म्हणायचे. पाचवीची मुले दरवर्षी तिथे अडखळतात.

आता फाइलीकडे. इटलीच्या निकोला साल्मोरियाने फेब्रुवारी १९९७ मध्ये 'मेम' हा आर्केड मशीनचा एम्युलेटर प्रसिद्ध केला. मशीनच्या बोर्डावरच्या चिपांमधला मजकूर वाचून काढायचा, प्रत्येक चिपची एक फाइल करायची आणि एका बोर्डाच्या सगळ्या फाइली एका झिपमध्ये बांधायच्या, अशी ही पद्धत. कार्यक्रम डॉसवर चालणारा असल्यामुळे नावाला अक्षरे आठच. त्यामुळे 'डिनो'. अमेरिकी बोर्ड 'डिनोयू', जपानी 'डिनोजे'. मेम गेमला ओळखतो तो या नावावरूनच. ते बदलले की त्याच्या लेखी तो गेम हजरच नाही. झिप सोडवायचीही नसते, तशीच 'रॉम्स' फोल्डरमध्ये ठेवायची. मेमच्या नव्या आवृत्त्या या गेमसाठी क्यूसाउंड नावाच्या आवाजाच्या चिपची आणखी एक फाइल मागतात, तीही शेजारीच ठेवायची. निओ जिओच्या गेमांचे तसेच: 'निओजिओ.झिप' नसेल तर 'मेटल स्लग' उघडत नाही.

घरच्या कन्सोलची तऱ्हा वेगळी. आपण ज्याला टीव्ही गेम म्हणायचो ती बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल. तिच्या पिवळ्या-काळ्या कॅसेटमध्येच सगळे असे, त्यामुळे एम्युलेटरला कॅसेटची फाइल पुरते. प्लेस्टेशनमध्ये मात्र मशीन चालू करणारा बायोस हा आपला ५१२ केबीचा मजकूर आत असतो. रेट्रोआर्कमध्ये तो 'सिस्टिम' फोल्डरात जातो, गेमच्या फोल्डरात नाही. लिनक्सवर तर नावातले लहान-मोठे इंग्रजी अक्षर चुकले तरी तो सापडत नाही. हा बायोस सोनीच्या मालकीचा, स्वतःच्या मशीनमधून काढावा हा सरळ मार्ग. कनेक्टिक्स कंपनीने १९९९ मध्ये स्वतःचा बायोस लिहून एम्युलेटर विकायला काढला तेव्हा सोनी कोर्टात गेली. २००० साली अमेरिकेच्या अपील कोर्टाने कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला.

हे सगळे काही लोक एवढ्या नेटाने का जपतात, ते मला मुस्तफाच्या बोर्डावरूनच कळले. त्याच्या आवाजाच्या प्रोसेसरमध्ये एक किल्ली असते आणि ती एका छोट्या बॅटरीवर टिकते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि त्या चिपला आपलाच कार्यक्रम वाचता येत नाही. पत्र्याच्या खोलीतली ती मशीन आज कुठे गोदामात पडली असली, तरी बहुधा मुकी झाली असेल. खोलीही आता नाही, तिथे मोबाइलचे दुकान आहे. डिनो, डिनोयू, डिनोजे यांची नोंद जगभर आहे. आपल्याकडे तो कोणत्या नावाने खेळला गेला, याची नोंद मात्र त्या झिपमध्ये मावणारी नाही.

मुलाने दहा मिनिटांत तोडगा काढला. फाइलीचे नाव परत डिनो केले. रेट्रोआर्कच्या प्लेलिस्टमध्ये प्रत्येक गेमला एक लेबल असते, फाइलीचा पत्ता वेगळा आणि दिसणारे नाव वेगळे. तिथे त्याने 'मुस्तफा' लिहिले.

"चला अब्बू, दोघे खेळू."

मी बटण शोधेपर्यंत त्याने मुस्तफा घेतला होता. मला जॅक मिळाला.