पनेटसाहेबांची पिल्लं

बारावीला जीवशास्त्र घेतलेल्यांना 'पनेट स्क्वेअर' आठवत असेल. मेंडेलच्या वाटाण्यांची ती चौकोनी रकान्यांची आकृती. ती काढणारा रेजिनाल्ड पनेट हा केंब्रिजचा प्राध्यापक. या माणसाने आयुष्याची कितीतरी वर्षं कोंबड्यांमागे घालवली, हे मात्र आपल्याला कुणी शिकवलं नाही!

पहिलं महायुद्ध चालू होतं. जर्मन पाणबुड्या धान्याची जहाजं बुडवत होत्या आणि ब्रिटनमध्ये माणसांनाच धान्य पुरेना, तिथे कोंबड्यांची काय कथा? अंड्यांसाठी तलंगा हव्यात, पण नुकतंच फुटलेलं पिल्लू नर की मादी ते कळायचं कसं? तुरा लाल होऊन वर येईपर्यंत काही आठवडे जातात, आणि तोवर दोघंही सारखंच खातात. पनेट तेव्हा सरकारच्या अन्न-उत्पादन खात्यात काम करत होता. त्याने सुचवलं, पिल्लांच्या रंगावरून ओळखा.

युक्ती साधी आहे. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, कोंबड्यांत आईकडून. आईचं झेड गुणसूत्र फक्त मुलग्यांना मिळतं, आणि रूपेरी-सोनेरी रंगाचं जनुक त्याच्यावरच असतं. म्हणून रूपेरी कोंबडी आणि सोनेरी कोंबडा यांची जोडी लावली की पहिल्याच दिवशी फिकट पिल्लं नर, तांबूस ती मादी. लेकी बापाच्या वळणावर म्हणतात ना, तसंच :)

मेख अशी, की हे एकाच पिढीपुरतं चालतं. म्हणून पनेट आणि मायकेल पीज यांनी पट्टेरी पिसांच्या जनुकाकडे मोर्चा वळवला. नराला त्याच्या दोन प्रती, मादीला एक. दोन प्रतींनी लव जास्त फिकी पडते, तीही पिढ्यान् पिढ्या. १९२९ मध्ये 'कॅम्बार' ही जात तयार झाली, पुढे 'लेगबार'. लेगबारच्या मादीच्या पाठीवर ठळक गडद पट्टा, नर फिकट आणि डोक्यावर ठिपका.

पण तोवर जपानच्या मासुई आणि हाशिमोतो यांनी पिल्लाची गुदद्वाराची जागा उघडून पाहण्याची रीत शोधली होती. ती कुठल्याही जातीला चालते. मोठ्या हॅचऱ्यांनी ती उचलली आणि लेगबार हौशी लोकांच्या परसात राहिली.

असो. आता यातली न बोलली जाणारी गोष्ट. ओळखल्यावर नराचं काय करायचं? अंड्यांच्या जातीचा नर ना अंडी देतो, ना अंगाने भरतो. दाणे वाचवायला निघालेल्या या शोधामुळे त्याचा निकाल पहिल्याच दिवशी लावणं सोपं झालं. कोट्यवधी पिल्लं दरवर्षी अशीच मारली जातात. पनेटला दोष द्यावा असं मला वाटत नाही, उपाशी देशात मीही दाणेच मोजले असते. पण वाचताना घास अडकतो खरा.

जर्मनीने २०२२ पासून ही कत्तल बंद केली. आता पिल्लू फुटायच्या आधीच ओळखतात. तपकिरी अंडी देणाऱ्या जातींत तेराव्या दिवसाच्या सुमारास अंड्यातून प्रकाश सोडतात आणि आतल्या इवल्याशा पिसांचा रंग बघतात. फिकट तो नर, तांबूस ती मादी.